यीस्टमधील कोहेसिन डीएनएला कसे धरते?

प्रश्न : गुणसूत्रे बांधून ठेवणारी कोहेसिन आणि कॉन्डेन्सिन ही प्रथिनसंकुले डीएनएला चिकटतात, की त्यातील अक्षरक्रम ओळखून ठरावीक जागी बसतात? आणि हे संशोधन यीस्टवरच का झाले?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. सांगली-मिरजेच्या बेकऱ्यांत पावाचे पीठ फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत १६ गुणसूत्रे आणि सुमारे १.२ कोटी बेस जोड्या (डीएनएतील अक्षरांच्या जोड्या) असतात. हा संपूर्ण क्रम १९९६ सालीच जाहीर झाला. यीस्टची जनुके हवी तशी बदलता येतात आणि ही प्रथिने माणसातील प्रथिनांशी मिळतीजुळती आहेत.

पहिल्या प्रश्नात आपण दोन पर्याय दिले आहेत, पण कोहेसिनचे मुख्य काम तिसऱ्याच पद्धतीने चालते. एसएमसी१, एसएमसी३ आणि एससीसी१ ही तीन प्रथिने टोकांशी जुळून एक मोठे कडे तयार करतात आणि डीएनए त्या कड्यात ओवला जातो. याचा पुरावा मला विशेष सुंदर वाटतो. २००५ साली यीस्टमधील एक छोटे वर्तुळाकार गुणसूत्र पेशीबाहेर काढण्यात आले, तेव्हा त्याच्यासोबत कोहेसिनही आले. मग विकराने ते वर्तुळ एका जागी कापून सरळ केले आणि कोहेसिन सुटले. अक्षरे तीच होती, लांबीही तीच होती. फक्त आता टोके मोकळी झाली होती. कोहेसिन नुसते चिकटलेले असते, तर एका कापाने एवढा फरक पडण्याचे कारण नव्हते. दोरीची दोन्ही टोके गाठलेली असतील तर तिच्यात ओवलेली कडी निघत नाही, गाठ सोडली की घसरून पडते, तसेच हे झाले. डीएनए न कापता एससीसी१ कापले, तरीही पकड सुटते. २००८ साली तर कड्याचे तिन्ही सांधे रसायनाने पक्के जोडून, प्रथिनांची घडी मोडणाऱ्या द्रावणात नमुना तापवला, तरी दोन भगिनी डीएनए (एकाच डीएनएच्या दोन प्रती) एकत्रच राहिले.

पेशीसुद्धा हाच मार्ग वापरते. विभाजनाच्या वेळी सेपरेज नावाचे विकर एससीसी१ कापते, कडे उघडते आणि भगिनी गुणसूत्रे दोन बाजूंना जातात.

कॉन्डेन्सिनच्या बाबतीत मात्र थेट पकडही आढळते. त्यातील वायसीजी१ आणि बीआरएन१ या घटकांत धनभारित खोबण असते. तिच्यात डीएनए बसला की बीआरएन१चा एक भाग त्याभोवती फिरून त्याला अडकवतो. ही पकड डीएनएच्या ऋणभारित कण्यावर असते, अक्षरक्रमावर नाही. २०१८ साली यीस्टच्या शुद्ध कॉन्डेन्सिनला सूक्ष्मदर्शकाखाली एका डीएनए रेणूवर काम करताना प्रत्यक्ष पाहता आले : एटीपी या पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या बळावर ते एका बाजूस घट्ट धरून दुसऱ्या बाजूने डीएनए आत ओढत होते आणि वळसा वाढवत होते, वेग सेकंदाला सुमारे १५०० बेस जोड्यांपर्यंत पोहोचत होता. हा प्रयोग उघड्या डीएनएवरचा होता, तर पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, एवढे मात्र हा आकडा वाचताना ध्यानात ठेवावे.