बिआत्रीझ कॉश्ता यांच्यावर लिहिताना आडनावावर विसंबू नका

दिवाळी अंकासाठी पोर्तुगीज अभिनेत्री बिआत्रीझ कॉश्ता यांच्यावर लेख लिहीत असून त्यांचे मूळ गोव्यातले असल्याचा पुरावा कुठे मिळेल, असे आपण विचारले आहे. प्रश्न वाचताच मला काही वर्षांपूर्वीची माझीच फजिती आठवली. तसा पुरावा आपल्याला मिळणार नाही, कारण त्यांचे आडनावच मुळात कॉश्ता नव्हते. मी इतिहासाचा अभ्यासक नाही आणि पोर्तुगीज मला वाचण्यापुरतीच येते, तेव्हा पुढचे सारे एका हौशी माणसाचे मत म्हणून वाचावे.

आमच्या चित्रपट मंडळाने त्यांचा ‘आ कांसांव द लिश्बोआ’ (लिस्बनचे गाणे) हा 1933 सालचा चित्रपट दाखवायचे ठरवले आणि माहितीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. प्रेक्षकांना काहीतरी जवळचे वाटावे, या मोहाने मी पहिल्या मसुद्यात ‘आडनावावरून त्यांच्या घराण्याचा गोव्याशी संबंध असावा’ असे वाक्य घातले, आणि जागा कमी पडते म्हणून दुसऱ्या मसुद्यात ‘असावा’चे ‘होता’ केले. आजही मला त्या वाक्यापेक्षा ती दुरुस्तीच अधिक बोचते. मजकूर तपासून मिळावा म्हणून आम्ही तो एका सांस्कृतिक कार्यालयाकडे पाठवला. पाच आठवडे तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि अखेर ‘हरकत नाही’ एवढा शेरा घेऊन परत आला. आम्ही निर्धास्त होऊन दोनशे प्रती छापल्या. त्या कार्यालयाने फक्त आपले नाव व बोधचिन्ह योग्य जागी आहे की नाही एवढेच पाहिले होते, हे फार उशिरा कळले. अशा शेऱ्याला तपासणी समजू नये, आणि ज्याने मजकूर खरोखर वाचला आहे तो निदान एक तरी चूक दाखवतो, असे माझे मत झाले आहे. अर्थात सगळीच कार्यालये अशी नसतात.

खेळ संपल्यावर मूळचे मडगावचे एक वृद्ध गृहस्थ माहितीपत्रक घडी करत माझ्याकडे आले आणि म्हणाले, “अहो, पुण्यात जोशी तितके मडगावात कॉश्ता. म्हणून ही बाई आमची कशी होईल?” धर्मांतराच्या वेळी गोव्यातल्या कुटुंबांना पाद्र्यांची किंवा धर्मपित्यांची आडनावे मिळाली, त्यामुळे आडनाव सारखे म्हणून रक्ताचे नाते निघत नाही, हे त्यांनी मला उभ्याउभ्या समजावून सांगितले. उरलेल्या प्रतींवर मी दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवल्या, पण वाटलेल्या प्रती हातातून गेल्या होत्या, आणि त्यांतलेच वाक्य पुढे दोन लेखांत जसेच्या तसे उतरले. आपल्याला सापडलेला ‘संदर्भ’ त्यांपैकीच एक असण्याची मला दाट शंका आहे.

त्यांचे खरे नाव बिआत्रीझ दा कोंसेइसांव. 14 डिसेंबर 1907 रोजी लिस्बनच्या उत्तरेला, माफ्रा भागातल्या एका खेड्यात गरीब घरात त्यांचा जन्म झाला, आणि अक्षरओळख झाली ती तेराव्या वर्षी. ‘कॉश्ता’ हे नाव रंगभूमीवर मिळालेले. मूळच शोधायचे असेल तर ते इथे, या खेड्यांत शोधावे. इथल्या बायका लिस्बनकरांचे मळके कपडे गावी आणून धूत आणि वाळवून गाड्यांवरून शहरात पोचवत. 1939 सालच्या ‘आल्देइया दा रोपा ब्रांका’ (पांढऱ्या कपड्यांचे गाव) या त्यांच्या शेवटच्या चित्रपटाचा विषय नेमका हाच आहे. त्यात गाड्या हाकणाऱ्या दोन कुटुंबांची चढाओढ आहे आणि कॉश्ताबाई गावच्या ग्रासिंदाची भूमिका करतात. 1933 च्या चित्रपटातली शिंप्याची मुलगी आलिस सुई आणि अंगुस्तान्यावरचे गाणे ठसक्यात म्हणते, पण ग्रासिंदा कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहते तेव्हा कपाळावर सरळ कापलेली ती प्रसिद्ध झुलपे विसरून आपण तिच्या खांद्यांकडे आणि दंडांकडे पाहू लागतो. गोव्याच्या कल्पित आजोबांपेक्षा हा दुवा कितीतरी भरीव आहे, आणि मी तो हातचा घालवला.

दुसरी एक चूक आपल्या मसुद्यात दिसते, ती आताच काढून टाकावी. ‘आ कांसांव द लिश्बोआ’ हा पहिला पोर्तुगीज बोलपट नव्हे. तो मान 1931 च्या ‘आ सेव्हेरा’चा, आणि त्यात कॉश्ताबाई नाहीत. संपूर्णपणे पोर्तुगालमध्ये तयार झालेला पहिला बोलपट, असे लिहावे. 1931 मध्येच त्यांनी पॅरिसजवळच्या जुआँव्हील येथे पॅरामाउंटसाठी एक पोर्तुगीज बोलपट केला होता, म्हणजे आवाजाची सवय त्यांना आधीच झाली होती.

‘चित्रपटतारका’ हा शब्दही मी जपून वापरेन. त्यांचे चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांची खरी कारकीर्द ‘रेव्हिश्ता’ या गाणी, नकला आणि राजकीय चिमट्यांच्या रंगमंचीय प्रकारात घडली. 1939 नंतरची सुमारे दहा वर्षे ब्राझीलमध्ये गेली. त्या काळाला ‘अज्ञातवास’ म्हणण्याचा मोह आवरावा, कारण तिथेही त्या रंगमंचावर होत्याच. पुढे 1975 पासून त्यांनी आठवणींची पुस्तके लिहिली आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे लिस्बनच्या तिव्होली हॉटेलात राहून काढली. 15 एप्रिल 1996 रोजी त्यांचे निधन झाले.

जाता जाता एक सांगतो. ‘आ कांसांव द लिश्बोआ’ शोधताना सालाची खात्री करून घ्यावी, कारण त्याच नावाची 2016 सालची नवी आवृत्ती आधी समोर येते. आमच्या मंडळात ती पाहून एका सभासदाने कॉश्ताबाईंच्या अभिनयावर दोन परिच्छेद लिहून दिले होते.