बेळगावजवळच्या खानापूरहून पीएचडीला परदेशी: पैसे कुठून येतात आणि आपली पत्रं कुठे कमी पडतात

तू विचारलंस: एमएस्सी वनस्पतिशास्त्राचं शेवटचं वर्ष आहे, घरून पैसे लावता येणार नाहीत, तर अमेरिकेच्या एनएसएफची (तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेची) फेलोशिप मिळेल का, नाहीतर कुठे अर्ज करू, आणि लहान कॉलेजच्या मुलीला तिकडे कोण विचारणार.

एनएसएफचं नाव आधी यादीतून काढ. ती फेलोशिप अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांच्यासाठीच आहे. त्याने तुझं फार अडत नाही. तिथले बरेच विज्ञान विभाग पीएचडीच्या प्रवेशाबरोबर फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा पगार देतात. म्हणजे प्रवेशाचा अर्ज हाच पैशाचा अर्ज. बऱ्याच ठिकाणी तो डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतो. फुलब्राइट-नेहरू या भारत-अमेरिकेच्या संयुक्त शिष्यवृत्तीतली डॉक्टरल फेलोशिप भारतात पीएचडीला नाव नोंदवलेल्यांसाठी आहे, तिचा विचार आत्ता नको.

तुझ्यासाठी मला जर्मनी आणि युरोप जास्त जवळचे वाटतात. इथे पीएचडी ही पुष्कळदा करारावरची नोकरी असते. सहसा एमएस्सी लागते, ती तुझी होतेच आहे. जर्मनीतल्या माक्स प्लांक संशोधन संस्थांच्या 'आयएमपीआरएस' शाळा, म्हणजे त्यांचे पीएचडीचे कार्यक्रम, बघ. युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा 'युरॅक्सेस' या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर लागतात. त्यांचा एक नियम असा, की ज्या देशात जायचं त्या देशात आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. तू तर भारताबाहेर कधी गेलीच नाहीस, म्हणजे तिथे अडचण नाही. फक्त अशा प्रत्येक जागेला ठरलेला प्रकल्प असतो. एकच अर्ज दहा ठिकाणी पाठवलास, तर वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळतं.

आता शिफारसपत्रं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझं पहिलं वर्ष यातच वाया गेलं. सरांकडे गेले, तर ते म्हणाले, "तूच लिहून आण की, सही मारतो." मी तीन सरांसाठी तीन पत्रं लिहिली. तिन्हींत "कष्टाळू, प्रामाणिक, हुशार" आणि तिन्हींची भाषा माझीच. सगळीकडून नकार. पुढे इथे आमच्या संशोधन गटात आलेले अर्ज चाळायला मी मदत करायला लागले, तेव्हा दिसलं की अशी पत्रं लगेच ओळखू येतात, आणि मग चांगल्या मुलीच्याही बाकीच्या कागदांवरचा विश्वास उडतो. सरांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. दीडशे मुलांचे तास घेणाऱ्या माणसाला असं पत्र लिहायला कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून तू पत्र लिहून नेऊ नकोस, एक पान टिपण ने. मी काय केलं, कुठे चुकलं, ते कसं सुधारलं, तुम्ही तेव्हा काय म्हणाला होता, एवढंच त्यात असू दे. सरांना सांग की त्यातलं एक उदाहरण तुमच्या शब्दांत लिहा. पत्र अपलोड करायची लिंक त्यांच्या ईमेलवर येते, तेव्हा कॉलेजचा पत्ता असेल तर तोच दे. मुदतीच्या तीन आठवडे आधी सांग, आणि शेवटच्या आठवड्यात स्वतः जाऊन आठवण कर.

अर्जाबरोबर तू स्वतःबद्दल लिहायचं ते निवेदनही असंच नेमकं हवं. "लहानपणापासून निसर्गाची ओढ" हे खोडून टाक. तू कळवलंस की कणकुंबीकडच्या पठारावर भर पावसात, जळवा काढत, क्वाड्रॅट (ठरावीक मापाचे चौकोन) टाकून झाडं मोजलीस. सोनं आहे हे! किती क्वाड्रॅट, केवढे, जागा कशा निवडल्या, ओळखता न आलेल्या गवतांचं काय केलं, हे लिही. महाग यंत्र नव्हतं हे लपवू नकोस आणि त्याचं रडगाणंही गाऊ नकोस. नमुने परदेशी प्रयोगशाळेत तपासायचं मनात असेल, तर 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी बघावी लागेल, हे प्रस्तावात एका ओळीत येऊ दे.

यंदा जमलं नाही, तर बेंगळुरूला आयआयएससी, एनसीबीएस किंवा अत्री या संशोधन संस्थांमध्ये वर्षभर प्रोजेक्ट असिस्टंटची जागा मिळते का बघ. ते वर्ष फुकट जात नाही. प्रत्यक्ष कामावरून लिहिलेलं पत्र तिथून मिळतं.

कागदांचं थोडक्यात. तुझ्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत 'बेलगाम' असणार आणि एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) गुणपत्रिकेवर 'बेळगावी'. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, असा खुलासा अर्जाला जोड. आडनाव मराठीतून कन्नडात आणि तिथून इंग्रजीत जाताना आपल्याकडे एखादं अक्षर हमखास बदलतं. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण मान आणि बाकीचं आत्ताच दुरुस्तीला टाक, महिने जातात. कन्नड दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घे. गुणांची टक्केवारी तिकडच्या ग्रेडमध्ये स्वतः बदलू नकोस, आहे तशी भर.

आणि जर्मनीचा व्हिसा. मी सवयीने पुण्याकडेच बघत होते. आपला पत्ता कर्नाटकातला, त्यामुळे अर्ज बेंगळुरूच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातो. रात्रीच्या गाडीने जा, फाइल उशाशी ठेव.

सरांसाठीच्या टिपणाचा पहिला खर्डा मराठीत लिहिलास तरी चालेल. या रविवारपर्यंत पाठव, वाचते.