‘बासष्ट मिलिसेकंद’ की ‘बासष्ट शतांश’?

पंचवटीतल्या एका क्रीडाशिक्षिका ताईंनी विचारलं आहे : “शर्यतींच्या वेळा मी एक्सेलमध्ये भरते. स्टॉपवॉचवर १४.६२ दिसतं. मुली ‘चौदा सेकंद बासष्ट मिलिसेकंद’ म्हणतात, मीही रकान्याला तेच नाव दिलंय. याला नेमका मराठी शब्द कोणता? जुना ‘विपळ’ चालेल का?”

ताई, शब्द आहे, आणि तो शाळेच्या गणिताच्या पुस्तकातच आहे : शतांश. दशांश, शतांश, सहस्रांश ही आपली घरची ओळ. १४.६२ म्हणजे चौदा सेकंद बासष्ट शतांश. मिलिसेकंद हा सेकंदाचा हजारावा भाग, म्हणून तुमचे बासष्ट शतांश म्हणजे ६२० मिलिसेकंद.

हा नुसता शब्दाचा काथ्याकूट नाही. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात एका रकान्यात १४ आहे, शेजारी ६२, आणि पुढे दोन्ही जोडणारं सूत्र. ते ज्याने घातलं त्याने शीर्षकातला ‘मिलिसेकंद’ वाचून ६२ ला १००० ने भागलंय. झाले १४.०६२! एकेकीचा क्रम लावताना हे कळत नाही, कारण क्रम बदलतच नाही. पण रिलेसाठी चौघींच्या वेळा जोडून पाहा. १४.६२, १४.०८, १३.९७ आणि १४.५५ यांची बेरीज ५७.२२. तुमच्या तक्त्यात ती ५५.२२२ आली आहे. एका चुकीच्या नावाने जवळजवळ दोन सेकंद गिळले. शीर्षक ‘शतांश’ करा आणि भागाकार १०० ने करा.

शतांश म्हणण्यात मला आणखी एक मोठा फायदा दिसतो. ‘चौदा पॉइंट आठ’ ऐकून लिहिणारी १४.८ लिहील की १४.०८? ‘आठ शतांश’ म्हटलं की शून्य उच्चारावंच लागत नाही, जागा शब्दातच ठरलेली असते. १४.५ ला मात्र खुशाल साडेचौदा म्हणा आणि १४.२५ ला सव्वाचौदा. आपल्या भाषेने हे अपूर्णांक इतके सुटसुटीत करून ठेवलेत, ते वापरायलाच हवेत.

आता विपळ. साठ घटकांचा दिवस, साठ पळांची घटका, साठ विपळांचं पळ. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, म्हणून विपळ ०.४ सेकंदाचं. ते चाळीस शतांश झालं. एका शतांशाला ते नाव देता येणार नाही. पण तुमच्या प्रश्नामुळे एक गोष्ट लक्षात आली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. एक्सेलही पंचांगासारखंच अख्खा दिवस एक धरतं आणि वेळ त्याचा अंश म्हणून साठवतं. त्याच्या लेखी एक सेकंद म्हणजे १ भागिले ८६,४००.

म्हणूनच वेळ एकाच खान्यात भरायची तर ०:१४.६२ अशी भरा. बिंदू असला की ते मिनिट-सेकंद समजतं. नुसतं १:०२ लिहिलंत तर एक तास दोन मिनिटं धरतं. भरल्यावर ००:१४.६ दिसेल, घाबरू नका. शतांश आत शाबूत असतो, फक्त दिसत नाही. फॉरमॅटमध्ये सेकंदांच्या पुढे बिंदू आणि दोन शून्यं दिली की दिसतो. ‘टाइम’ हे फंक्शन मात्र इथे टाळा, ते सेकंदांचा अपूर्णांक चक्क टाकून देतं.

मुलींना वाचायला शिकवताना आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांची वेळ फळ्यावर लिहा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक त्यांनी ३३:०५.२८ अशा वेळेत मिळवलं. तेहतीस मिनिटं, पाच सेकंद, अठ्ठावीस शतांश. मोठ्याने म्हणून घ्या.

लिहिण्याचं राहिलंच. ‘सहस्रांश’मध्ये स्र आहे, ‘स्त्र’ नाही. आणि ‘१४.६२ सेकंदांत’ यात दां वर अनुस्वार हवा, ‘०.६२ सेकंदात’ लिहिताना मी तो देत नाही, कारण तिथे पुरता एक सेकंदही झालेला नसतो.