तिवर, कांदळ, खारफुटी की खाजण?

प्रश्न थोडक्यात असा होता की ठाणे खाडीवरच्या एका लेखात 'कांदळवनं कार्बन शोषतात' असं वाक्य आहे, पुढे त्याच लेखात खारफुटी, तिवर आणि खाजण हेही शब्द येतात, तर हे चारही एकच का, आणि 'ब्लू कार्बन'ला, म्हणजे खाडी-किनाऱ्यावरच्या अशा जागांत साठलेल्या कार्बनला, मराठीत 'निळा कार्बन' म्हणायचं का.

चारही एक नाहीत. आणि त्या वाक्यातलं 'शोषतात' मला जास्त खटकलं, पण त्याच्याकडे नंतर येतो.

तिवर आणि कांदळ ही झाडांची नावं आहेत, दोन वेगळ्या झाडांची. तिवर म्हणजे शास्त्रात ज्याला अ‍ॅव्हिसेनिया म्हणतात ते. मुंबई-ठाण्याच्या खाडीत लोकलमधून जे दिसतं ते बहुतेक हेच. ओळखायला सोपं, ओहोटीला झाडाखालच्या चिखलातून बोटभर जाडीचे खुंटे शेकड्याने वर आलेले दिसतात, ती त्याची श्वास घ्यायची मुळं. दुसरी खूण म्हणजे पान. तिवराच्या पानावर मीठ येतं, कोरड्या दिवसात दुपारी पान जवळून बघितलं तर बारीक कण चमकतात आणि जीभ लावली तर सरळ खारट लागतं. कांदळ म्हणजे र्‍हायझोफोरा. त्याची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर निघून चिखलात उतरतात आणि बी झाडावरच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लांब लोंबत राहतं आणि मग खाली पडून चिखलात उभं राहतं किंवा भरतीबरोबर वाहत जातं. यांच्याशिवाय चिप्पी आहे, झुंबर आहे, काजळा आहे, किरकिरी आहे, काटेरी पानांची मारांडी आहे. पांढरी चिप्पी तर २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला ही सगळी वेगळी दिसतात म्हणून त्याच्याकडे वेगळे शब्द आहेत, शहरातल्या माणसाला सगळं एकच हिरवं दिसतं म्हणून त्याला एक शब्द लागतो.

तो एक शब्द म्हणजे खारफुटी किंवा कांदळवन, इंग्रजीतलं मॅन्ग्रोव्ह. खारफुटी हा वर्तमानपत्रांचा लाडका, अर्थ उघड आहे, खाऱ्या जागी फुटून येणारी. कांदळवन हा सरकारी. वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर जीआर, कोर्टाच्या बातम्या, पाट्या सगळीकडे हाच शब्द दिसायला लागला. काही जण म्हणतात हा बनवलेला सरकारी शब्द आहे, मला ते पटत नाही. 'वन' मागे जोडलेलं आहे हे खरं, पण 'कांदळ' पश्चिम किनाऱ्यावर खालपर्यंत पसरलेला जुना शब्द आहे. मल्याळममध्ये या झाडांना कंडलच म्हणतात, कन्नड किनाऱ्यावर कांडला. आणि अशाच एका झाडाचं शास्त्रातलं 'कँडेलिया' हे नाव सतराव्या शतकात केरळच्या वनस्पतींवर डच लोकांनी जो मोठा ग्रंथ केला त्यातल्या मल्याळी नावावरून आलेलं आहे. म्हणजे शास्त्रज्ञांनी आपल्या किनाऱ्याचा शब्द उचलून लॅटिन केला, तेव्हा कांदळवन बिनधास्त वापरा. फक्त एक लक्षात ठेवा की कोळीवाड्यात जाऊन कांदळवन म्हटलंत तर समोरचा 'तिवरं का?' असं विचारेल, कारण उत्तर कोकणात खाडीकाठच्या बोलण्यात तिवर हाच सगळ्यांचा मिळून शब्द झालेला आहे.

आता खाजण. हा या चौघांतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा शब्द आणि नेमका हाच लोक विसरत चालले आहेत. खाजण म्हणजे झाड नाही, जागा. भरतीचं पाणी जिच्यावर येतं-जातं ती खाडीलगतची चिखलाची जमीन, मग तिच्यावर तिवर असो, नुसतं खारट गवत असो नाहीतर उघडा चिखल असो. गोव्यात याच शब्दाचा अर्थ थोडा सरकलेला आहे, तिकडे खाजन म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली शेतजमीन, जिथे कोरगुट नावाचं खारं सोसणारं भात होतं आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर होतं. रायगडात पेण-अलिबागकडे अशा जमिनीला खार म्हणतात, त्यावरून खारेपाट, आणि तिथल्या दाराला उघाडी. तिथे बांधाला खांड पडली आणि वेळेत बुजवली नाही की खारं पाणी शेतात शिरतं आणि काही वर्षांत भाताच्या जागी तिवरं उभी राहतात. मग जमीन सातबाऱ्यावर शेती आणि प्रत्यक्षात कांदळवन, असा गुंता होतो. त्या शेतकऱ्याला 'खारफुटी वाचवा' हे ऐकून काय वाटत असेल याचा विचार शहरात कुणी फारसा करत नाही.

खाडी या शब्दाबद्दलही थोडं, कारण लेखात एके ठिकाणी 'खाडी देश' असंही आलं होतं. ते हिंदीतून आलंय. हिंदीत खाडी म्हणजे बे किंवा गल्फ, म्हणून तिकडे बंगाल की खाडी. मराठीत बंगालचा उपसागर आणि आखाती देश. मराठी खाडी म्हणजे जिथे नदी आणि समुद्र एकमेकांत शिरतात तो भाग, भरतीचं पाणी आत जिथवर चढतं तिथवरचा. वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, अंबेची धरमतर खाडी. इंग्रजीत ज्याला एस्च्युरी आणि ज्याला क्रीक म्हणतात ते दोन्ही आपल्या खाडीत बसतात, त्यामुळे 'नदीमुख परिसंस्था' असलं काही बनवायची गरज नाही, खाडी म्हणा.

आता 'शोषतात'. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं हे बरोबर, पण ते आंब्याचं झाडही घेतं. कांदळवनाचं वेगळेपण साठ्यात आहे आणि तो साठा मुख्यतः झाडात नसतो, खालच्या गाळात असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिंद-प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवरची २५ कांदळवनं मोजली होती, त्यात हेक्टरी सरासरी साधारण १,०२३ टन कार्बन निघाला आणि त्यातला बराच मोठा भाग जमिनीखाली होता. हा आकडा तसाच्या तसा ठाणे खाडीला चिकटवू नये, कारण त्या मोजणीत मीटर-मीटर खोल गाळाची मोठी जंगलंही होती, पण प्रकार तोच.

तो कार्बन तिथे का टिकतो हे बघायचं तर ओहोटीला खाजणात काठी खुपसून थोडा चिखल वर काढा. वरचा पातळ थर तपकिरी असतो आणि त्याच्या खाली लगेच काळाभोर, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा. पाण्याने सतत भिजलेल्या त्या काळ्या थरात ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे पानं, मुळं, वाहून आलेला पालापाचोळा हे सगळं कुजतं पण फार सावकाश, आणि वर दर भरतीला नवीन गाळ बसत जातो. ऑक्सिजन नसताना तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, त्यातून तो वासाचा हायड्रोजन सल्फाइड होतो, आणि ते जोरात असतात तोवर मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना फारसं खायला उरत नाही. म्हणजे तो वास निरोगी खाजणालाही असतो, नुसत्या वासावरून खाडी मेली असं म्हणू नये. काळा गोळा उन्हात ठेवून दिलात तर काही तासांत त्याचा रंग उडून तो तपकिरी-राखाडी होतो, हवा लागली की हा चिखल कसा बदलतो ते तिथल्या तिथे दिसतं.

प्रदूषणाचा मुद्दा इथे येतो आणि तो 'प्लास्टिकने झाडं मरतात' एवढाच नाही. प्लास्टिक खुंट्यांवर अडकून बसतं, मुळांचा श्वास कोंडतो, ते आहेच. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा तेल आजूबाजूच्या तिवरांपर्यंत येऊन मुळांवर काळा लेप बसला होता, तेही आठवत असेल. पण रोजचं दुखणं सांडपाण्याचं. शहराचं मैलापाणी खाडीत येतं तेव्हा खारटपणा कमी होतो, सल्फेट पातळ होतं आणि जिवाणूंना खाणं मात्र भरपूर मिळतं, मग मिथेन वाढतो, नायट्रोजन जास्त झाला की नायट्रस ऑक्साइडही निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतो आणि नायट्रस ऑक्साइड पावणेतीनशे पटीच्या आसपास. म्हणजे झाडं हिरवीगार उभी आहेत, उलट खतपाण्याने जोमात आहेत, वरून सॅटेलाइटला जंगल वाढलेलं दिसतंय आणि खालून हिशोब बिघडतोय, असं होऊ शकतं. बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नाही, निवट्या (चिखलातले मासे) आणि चिंबोऱ्या (खेकडे) पकडणाऱ्याला आधी कळतं.

दुसरी गोष्ट जड धातूंची. ठाणे खाडीच्या एका काठाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, दुसरीकडे मुंबई. कारखान्यांच्या पाण्यातून आलेलं शिसं, पारा, कॅडमियम, तांबं हे त्या काळ्या सल्फाइडच्या थरात बांधलं जातं आणि तिथे बऱ्यापैकी गप्प पडून राहतं. तोच गाळ खणून बाहेर टाकला किंवा भराव घालून, पाणी तोडून वाळवला, की सल्फाइडला हवा लागते, त्यातून आम्ल तयार होतं, धातू मोकळे होतात आणि शेकडो वर्षं साठलेला कार्बनही हवेत जायला लागतो. एकाच खोदाईत दोन्ही दारं उघडतात.

म्हणून मला 'शोषण' हा शब्द इथे नको वाटतो. शोषण ही चालू क्रिया झाली, वर्षाला किती घेतलं त्याची. साठा म्हणजे आजवर किती जमलंय. बातम्यांत दोन्हीला शोषणच म्हणतात आणि मग 'इथली हजार झाडं तोडली, तिकडे पाच हजार लावू' हे वाक्य ऐकायला रास्त वाटतं. पाच हजार रोपं उद्यापासून शोषायला लागतीलही, पण तोडलेल्या झाडांखालचा साठा त्यांच्यासोबत तिकडे जात नाही. शिवाय रोपं लावायला मोकळी जागा म्हणून पुष्कळदा उघडं खाजण निवडतात, जे पक्ष्यांचं चरायचं ठिकाण असतं आणि स्वतःही कार्बन धरून असतं. शब्दात वन आहे म्हणून आपण झाडं मोजतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घालताना कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही धरला होता आणि २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काला बाधक ठरवला, त्यामुळे कायद्याची नजर झाडाच्या बुंध्यापुरती नाही हे बरंय, पण वृक्षारोपणाच्या बातम्या वाचल्या की आपली अजून बुंध्यापुरतीच आहे असं दिसतं.

'गाळ' या शब्दाचंही तसंच झालंय. मराठीत गाळ आला की मागोमाग 'काढणे' येतंच, नाल्याचा गाळ, धरणाचा गाळ, विहिरीचा गाळ, सगळा काढायचाच. खाडीच्या तिवरांखालचा गाळ मात्र बसू द्यायचा असतो. लिहिताना तिथे नुसतं 'गाळ' न लिहिता 'खाजणातला गाळ' किंवा 'बसलेला चिखल' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यात जेसीबी येणार नाही.

ब्लू कार्बन म्हणजे कांदळवनं, खारट दलदली आणि समुद्री गवत यांच्यात साठलेला कार्बन, हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००९ च्या अहवालातून रूढ झाला. 'निळा कार्बन' लिहिलंत तर चूक नाही, पण वाचणारा आधी रंगाचा विचार करतो आणि ज्याच्याबद्दल बोलतोय ते तर काळं आहे. मी पहिल्यांदा 'खाडी-किनाऱ्यावरचा कार्बन साठा' असं लिहीन आणि पुढे सरळ ब्लू कार्बन, आता तो शब्द मराठीत रुळलाय.

लिंग विचारलं नव्हतं पण लेखात चुकलंय म्हणून सांगतो. खारफुटी स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन करत बसू नका, 'खारफुटीची झाडं' म्हणा. कांदळवन आणि खाजण नपुंसकलिंगी, ते कांदळवन, ती कांदळवनं, ते खाजण, ती खाजणं. तिवराचं अनेकवचन किनाऱ्यावर तिवरं. आणि 'कंदळवन' नाही, कांदळवन, क ला काना आहे.