भिंतीला तडा, पलीकडे उंबर

प्रश्न : आमच्या कुंपणभिंतीला तडा गेलाय, अंगणातली फरशीही उचललीय. पलीकडे शेजाऱ्यांचा उंबर आहे, भिंतीपासून जेमतेम दोन हातांवर. ते म्हणतात, "तुमचं बांधकामच कच्चं." आमच्या हद्दीत आलेली मुळं तोडून टाकू का?

उत्तर : कुऱ्हाड आधी खाली ठेवा, ही कळकळीची विनंती. खोडाजवळची जाड मुळं तोडली की झाडाचा त्या बाजूचा आधारच जातो. पुढे वादळात ते कुणाच्या घरावर कोसळलं, तर बोट तुमच्याकडेच येईल. शिवाय झाडाला कायद्याचं संरक्षण असेल, तर परवानगीही लागते.

फरशी आणि भिंत, दोन्हींचं दुखणं एकच असेल असं धरून चालू नका. फरशी बहुधा जाड होत गेलेल्या मुळाने उचलली आहे. एक लादी काढली की दिसेल. भिंतीचं तसं नाही. चिकण माती असेल तर झाड पाणी ओढून घेतं, माती आकसते आणि पाया खचतो. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करा, दर महिन्याला अंतर मोजून तारखेसह लिहा. कोरड्या दिवसांत तडा रुंदावला आणि ओल्यात मिटत आला, तर माती हलते आहे. सांडपाण्याची नळीही तपासा. धड नळी मुळं सहसा फोडत नाहीत, ती सैल सांध्यातून आत शिरतात. नळी गळत असेल तर शेजाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य निघेल.

झाडच काढा, असा सल्ला मी एकदा दिला होता. घरापेक्षा जुनं झाड होतं ते. तोडल्यावर वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती पाणी पिऊन फुगली आणि घरातली जमीनच वर आली. त्या कुटुंबाचं नुकसान माझ्या सल्ल्याने वाढलं, याची खंत अजून आहे.

उपाय आहेत. मूळ जिथून जातं तेवढ्याच भागात पाया न घालता वर आडवी तुळई टाकून भिंत तोलता येते. मुळाभोवती मोकळी जागा मात्र ठेवा. लाद्या सिमेंटऐवजी वाळूवर बसवा, म्हणजे पुन्हा उचलल्या तरी नीट करता येतील.

बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटरच्या आसपासच असतात, त्यामुळे फार खोल खणावं लागणार नाही. पहिली लादी काढाल तेव्हा शेजाऱ्यांना बोलवा. मूळ निघालं तर दोघांच्या डोळ्यांदेखत निघू द्या, आणि नाही निघालं तरीही.