सुरकुत्यांवरची क्रीम खरोखर उपयोगी पडतात का?

काही अंशी पडतात. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा फिकट होऊ शकतात, पण कपाळावरच्या खोल घड्या कोणत्याही क्रीमने पुसल्या जात नाहीत. सर्वांत भक्कम पुरावा ट्रेटिनॉइन या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाचा आहे, कारण ते त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची निर्मिती वाढवते; मात्र फरक दिसायला काही महिने लागतात. दुकानात मिळणाऱ्या रेटिनॉलचे (अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचे) त्वचेत गेल्यावर ट्रेटिनॉइनमध्ये, म्हणजे रेटिनॉइक आम्लात, रूपांतर व्हावे लागते, त्यामुळे त्याचा परिणाम सौम्य असतो. ‘कोलॅजन क्रीम’वर कृपया पैसे घालवू नका: तो रेणू इतका मोठा असतो की त्वचेत शिरतच नाही, वरवर ओलावा तेवढा धरून ठेवतो. नव्या सुरकुत्या टाळण्यासाठी सनस्क्रीनच खरे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे ९०३ प्रौढांच्या हाताच्या मागच्या त्वचेचे ठसे घेऊन केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटाच्या त्वचेत साडेचार वर्षांनंतरही वार्धक्याची लक्षणीय वाढ आढळली नाही. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: गरोदरपणात किंवा गर्भधारणेच्या तयारीत असताना ट्रेटिनॉइन वा रेटिनॉल लावू नये.