कॅपिटल : पहिलं अक्षर की सगळी?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : "परगावच्या व्यापाऱ्यांना इंग्रजी पत्रं मी ड्रॅगन या बोललेलं टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरवर बोलून लिहिते. 'सांगली कॅप' म्हटलं की 'कॅप' हा शब्दच उमटतो. 'कॅप्स ऑन' म्हणून मथळा सांगितला, तर सगळी अक्षरं कॅपिटल येत नाहीत, प्रत्येक शब्दाचं पहिलंच तेवढं येतं. माझा उच्चार चुकतो का? आणि कॅपिटलला मराठीत काय म्हणावं?"

ताई, उच्चाराचा इथे काही संबंध नाही. 'कॅप' हा शब्द ड्रॅगनने अचूक ऐकला, म्हणून तर तो छापला. गडबड आहे ती शब्दांच्या क्रमाची.

आपण कुणाला स्पेलिंग सांगतो तेव्हा काय म्हणतो? "सांगली... एस कॅपिटल." वस्तू आधी, तिचं काय करायचं ते मागून. 'दार लाव', 'दिवा मालव' ही मराठीची रीतच आहे आणि इंग्रजी बोलतानाही ती जिभेवर राहते. ड्रॅगनची आज्ञा मात्र इंग्रजीच्या चालीने घडलेली आहे : 'कॅप' आधी, शब्द नंतर. 'कॅप सांगली कॅप टर्मरिक' असं म्हणालात, तर दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल येतील. 'कॅप' आणि 'सांगली' यांच्यामध्ये मात्र थांबायचं नाही. तिथे श्वास घेतला की आज्ञा तुटते आणि 'कॅप' पुन्हा मजकुरात जातं.

शब्द आधी आणि सूचना मागून, ही आपली सवय सोडायची नसेल, तर त्याचीही सोय आहे. शब्द बोला, क्षणभर थांबा, 'कॅप दॅट' म्हणा, पुन्हा क्षणभर थांबा. मागचापुढचा हा विराम हीच यंत्राला आज्ञेची खूण असते. तरीही आज्ञा मजकूर म्हणूनच उमटत असेल, तर त्या विरामात कंट्रोलची कळ दाबून धरा आणि आज्ञा बोलून झाल्यावर सोडा. मग जे बोलाल ते आज्ञाच धरलं जातं. (शिफ्ट धरलीत तर उलट, सगळं मजकूर म्हणून घेतलं जातं.) 'कॅप दॅट' मात्र तुम्ही शेवटी जे बोललात त्या सगळ्याला लागू होतं. लांब वाक्यातला एकच शब्द बदलायचा असेल, तर आधी 'सिलेक्ट सांगली' म्हणून तो निवडून घ्या.

आता 'कॅप्स ऑन'. इथे कीबोर्डची सवय आड येते. कॅप्स लॉकची कळ दाबली की सगळी अक्षरं कॅपिटल येतात, म्हणून 'कॅप्स' म्हणजे सगळी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. बोलण्याच्या आज्ञेत 'कॅप्स ऑन' म्हणजे इथून पुढे शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल, 'कॅप्स ऑफ' म्हणेपर्यंत. सगळी अक्षरं हवी असतील तर 'ऑल कॅप्स ऑन', आणि संपल्यावर आठवणीने 'ऑल कॅप्स ऑफ'. एकाच शब्दापुरतं हवं असेल तर शब्दाआधी नुसतं 'ऑल कॅप्स'.

याच्याशीच तुमचा शेवटचा प्रश्न जोडलेला आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'फॉर्म कॅपिटलमध्ये भरा' असं बँकेत सांगतात तेव्हा सगळी अक्षरं अभिप्रेत असतात. 'गावाचं नाव कॅपिटल काढ' असं मास्तर सांगतात तेव्हा फक्त पहिलं. एकच शब्द दोन कामं करतो आणि ऐकणारा प्रसंग पाहून समजून घेतो. यंत्राला प्रसंग कळत नाही. 'मोठी अक्षरं' हा पर्याय सुचवला जातो, पण 'बोर्ड मोठ्या अक्षरांत रंगव' म्हटलं की रंगाऱ्याला अक्षराचा आकारच वाढवायचा आहे असं वाटणार, आणि ते बरोबरच आहे. जुने लोक कॅपिटल आणि स्मॉलला 'पहिली लिपी, दुसरी लिपी' म्हणत. तो शब्दप्रयोग मला फार आवडतो, पण आजच्या मुलांना तो समजावून सांगावा लागतो. देवनागरीत हा भेदच नाही. आपल्या मिरजेत 1805 साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली गेली, तिच्यातही देवाच्या नावाला वेगळं अक्षर लागलं नाही. जी गोष्ट लिपीत नाही तिला घरचा शब्द नसणं यात कमीपणा काही नाही. माझं मत : 'कॅपिटल' खुशाल वापरा, फक्त एकटा वापरू नका. 'पहिलं अक्षर कॅपिटल' किंवा 'सगळी अक्षरं कॅपिटल' असं पूर्ण बोला. दुकानातल्या पोरालाही तसंच सांगा.

जाता जाता, गूगल डॉक्समध्ये बोलून लिहीत असाल तर तिथल्या आज्ञा फक्त इंग्रजीत चालतात, आणि त्यासाठी खात्याची व दस्तऐवजाची, दोन्हीकडची भाषा इंग्रजी असावी लागते.

राहता राहिली गावांची नावं. तासगाव, वाळवा, कवठे महांकाळ प्रत्येक पत्रात येणार, आणि दर वेळी 'कॅप' म्हणत बसणं हा निव्वळ त्रास आहे. ड्रॅगनच्या शब्दसंग्रहात ही नावं एकदा भरून ठेवा : लेखी रूपात पहिलं अक्षर कॅपिटल, बोली रूपात तुम्ही म्हणता तसा उच्चार. 'एपीएमसी'सारखी लघुरूपंही सगळी अक्षरं कॅपिटल करून तिथेच घाला. मग नाव नुसतं उच्चारलं तरी ते हवं तसं उमटेल, 'कॅप' म्हणायची गरजच उरणार नाही.